पॅकशॉटचा पुरावा
जाहिरातीतल्या संगणकचित्रांचा आढावा

स्वीडनमधल्या एल्महुल्ट या गावी इकिया या फर्निचर कंपनीचा स्टुडिओ आहे. युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्टुडिओंमध्ये त्याची गणना होते. २००९ साली कंपनीतलीच काही मंडळी तिथे तक्रार घेऊन आली. संगणकावर बनवलेली चित्रे भयंकर दिसतात, ती बंद करा, असे त्यांचे म्हणणे होते. स्टुडिओने त्यांची नापसंत चित्रे एकेक करून तपासली. ते सगळे कॅमेऱ्याने काढलेले फोटो निघाले. ज्या दोन-तीन चित्रांची त्यांनी वाखाणणी केली होती, ती मात्र संगणकावरची होती.

निर्जीव, कारखान्यात बनलेल्या वस्तूंपुरता ‘हे फोटोसारखे दिसते का’ हा प्रश्न तिथेच जवळजवळ निकालात निघाला. आज मोटारगाडी, मोबाइल, घड्याळ, शाम्पूची बाटली, सोफा यांच्या जाहिरातीतले चित्र कॅमेऱ्याने टिपले की संगणकाने घडवले, हे सराईत डोळ्यालाही खात्रीने सांगता येत नाही. तरीही या विषयावरची बरीचशी चर्चा अजून दिसण्याभोवतीच फिरते. खरा प्रश्न वेगळा आहे. वस्तू प्रत्यक्ष समोर नसताना केलेले चित्र कशाला बांधील असते? कारखान्याच्या मापांवरून केलेले चित्र आणि मनाने रचलेले चित्र पाहणाऱ्याला सारखेच भासते, पण दोघांची विश्वासार्हता सारखी नसते. या क्षेत्राचा पन्नासेक वर्षांचा प्रवास त्या अंगाने पाहिला, तर तंत्र, हिशेब आणि कायदा या तिन्ही गोष्टी एका सूत्रात येतात.

प्रकाशाचा पाठलाग

सुरुवातीची संगणकचित्रे प्लास्टिकची वाटत, याचे कारण तेव्हाची गणिते प्रकाशाचे वागणे फार ढोबळ पद्धतीने मांडत. फाँग बुई तुओंग या व्हिएतनामी संशोधकाने १९७५ साली मांडलेल्या पद्धतीत पृष्ठभागावर एक चकाकता ठिपका उमटवता येई. मात्र शेजारच्या वस्तूचे प्रतिबिंब त्यात पडत नसे. १९८० साली टर्नर व्हिटेड यांनी प्रकाशकिरणांचा उलटा माग काढला. डोळ्यापासून निघायचे, वस्तूवर आदळायचे, तिथून परावर्तित किंवा वक्रीभूत होऊन पुढे जायचे. काचेचे गोळे आणि चौकटींची फरशी असलेले त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. त्या काळच्या संगणकाला असे एक चित्र करायला तासाहून अधिक वेळ लागे.

काच आणि आरसा यांचा प्रश्न सुटला, पण खोलीतला मऊ उजेड राहिला. लाल भिंतीजवळ ठेवलेल्या पांढऱ्या कपावर लालसर झाक येते. ती भिंतीवरून उसळलेल्या प्रकाशाची असते. १९८६ साली जेम्स काजिया यांनी या सगळ्या उसळण्याला एकाच समीकरणात बसवले. प्रत्येक बिंदूतून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड, अधिक सर्व दिशांनी येऊन तिथून परतणारा उजेड. हे समीकरण नेमके सोडवता येत नाही. म्हणून मतदानपूर्व कौल घेतात तसे काही किरण यदृच्छेने निवडायचे आणि त्यांवरून अंदाज बांधायचा. किरण कमी पडले की चित्रात दाणे दिसतात. हे दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. फोटोसारख्या चित्राला रात्र-रात्र का लागत असे, त्याचे कारण या चौपटीत आहे. दाणे पुसणारी, शिकवून तयार केलेली सॉफ्टवेअर आणि किरणांचा माग हार्डवेअरमध्येच काढणारी, २०१८पासून बाजारात आलेली ग्राफिक्स कार्डे यांनी ही चौपट पुष्कळ सुसह्य केली.

जाहिरातीच्या दृष्टीने पुढची दोन पावले जास्त मोलाची ठरली. १९९८ साली पॉल देबेवेक यांनी खऱ्या जागेचा उजेड मोजून तो खोट्या वस्तूवर टाकण्याची रीत दाखवली. आरशासारखा गोळा त्या जागी ठेवायचा, वेगवेगळ्या एक्स्पोजरला त्याचे फोटो घ्यायचे आणि त्यांतून खिडकीच्या झगझगाटापासून कोपऱ्यातल्या अंधारापर्यंतची सगळी तीव्रता नोंदवायची. समुद्रकिनाऱ्यावर नसलेली गाडी किनाऱ्यावर उभी करता येते, ती या रीतीमुळे. दुसरे पाऊल २००१चे. हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी अर्धपारदर्शक पदार्थांत आत शिरून पसरणाऱ्या प्रकाशाचे व्यवहार्य गणित मांडले. त्यांच्या निबंधातले दुधाचे पेले पाहण्यासारखे आहेत: एकात जुन्या पद्धतीचे, पांढऱ्या रंगासारखे दिसणारे दूध, दुसऱ्यात साय काढलेले, तिसऱ्यात सायीसकट. साबण, मेण, क्रीम, संगमरवर, त्वचा यांची चित्रे खरी वाटू लागली ती यानंतर.

संशोधन कारागिरांच्या हाती पोहोचायला सॉफ्टवेअर लागते. बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या कंपनीचे व्ही-रे २००२ साली आले आणि इमारती व वस्तूंच्या चित्रणात पसरले. त्याचे एक कर्ते व्लादिमिर कोयलाझोव यांना २०१७मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. दुधाचे गणित मांडणाऱ्या येन्सन यांच्या कंपनीचे कीशॉट औद्योगिक डिझाइनरांमध्ये रुजले. ब्लेंडर तर फुकट आहे, आणि २०११पासून त्यात प्रकाशाचे हेच गणित वापरणारे रेंडर इंजिनही, म्हणजे मॉडेलवरून अंतिम चित्र घडवणारा भागही, आहे. एकेकाळी मोठ्या प्रयोगशाळेची मक्तेदारी असलेली गोष्ट आज नाशिक-कोल्हापूरच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर चालते.

कारखान्याच्या फाइलीपासून होर्डिंगपर्यंत

काम सुरू होते ते कारखान्याच्या कॅड फाइलीपासून, म्हणजे संगणकावर आखलेल्या आराखड्यापासून. वस्तू ज्या मापांवरून घडणार, तीच मापे चित्राला मिळतात. फाइल मात्र जशीच्या तशी वापरता येत नाही. तिच्यात आतले स्क्रू, सर्किट, साच्याच्या खुणा असे सगळे असते आणि वक्र पृष्ठभाग गणिती स्वरूपात असतात. त्यांचे लहान लहान बहुभुजांच्या जाळीत रूपांतर करावे लागते. जाळी विरळ राहिली तर बाटलीच्या खांद्यावरची चकाकी मोडते. फार दाट झाली तर फाइल हलत नाही.

मग येतात कडा. कॅडमध्ये दोन पृष्ठभाग धारदार रेषेत मिळतात. प्रत्यक्षात कोणतीच कड इतकी धारदार नसते. डब्याच्या, फोनच्या, टेबलाच्या कडेला अगदी अर्ध्या मिलिमीटरची तरी गोलाई असते आणि नेमकी तीच उजेडाची बारीक रेघ पकडते. ही गोलाई, म्हणजे बेव्हल, दिली नाही की चित्र खोटे वाटते. का खोटे वाटते ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

पदार्थांचे नियम त्याहून काटेकोर आहेत. काचेचा वक्रीभवनांक साधारण १.५, पाण्याचा १.३३, हिऱ्याचा २.४२. हे आकडे मनाने बदलून चालत नाही. समोरून पाहिले तर काच जेमतेम चार टक्के उजेड परतवते, तिरप्या कोनात जवळजवळ सगळा. प्लास्टिकवरची चकाकी दिव्याच्या रंगाची असते, सोन्यावरची सोन्याच्या रंगाची. या नियमांना थोड्या, कलाकाराला हाताळता येतील अशा खुंट्यांमध्ये बसवण्याचे काम डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ साली केले. तीच मांडणी आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या ना त्या रूपात सापडते.

पेयाची बाटली ही या कामाची कसोटी समजतात. नवशिका बाटली करतो, आत द्रव ओततो आणि दोघांमध्ये केसभर फट ठेवतो. त्या फटीत हवा शिरते, काचेच्या आतल्या बाजूला चंदेरी कड दिसू लागते आणि सरबत बाटलीत तरंगल्यासारखे वाटते. खऱ्या बाटलीत काच आणि द्रव यांच्यामध्ये हवा नसते. म्हणून द्रवाचा पृष्ठभाग काचेत किंचित घुसवतात किंवा हवा-काच, काच-द्रव, द्रव-हवा अशा तीन सीमा स्वतंत्रपणे बांधतात. मग बाहेरचे दवबिंदू. ते सगळे एकाच आकाराचे चालत नाहीत. काही ओघळलेले लागतात, आणि लेबलाच्या कागदावर ते काचेवरच्यापेक्षा वेगळे बसतात.

प्रकाशयोजनेत तर जुन्या स्टुडिओ फोटोग्राफीचे ज्ञानच कामी येते. चकचकीत वस्तू स्वतः दिसत नाही, तिच्यात आजूबाजूचे दिसते. म्हणून फोटोग्राफर सॉफ्टबॉक्स, पांढरे थर्माकोल, काळे कागद लावून त्या ‘आजूबाजू’ची रचना करतो. संगणकातही तेच करावे लागते. सोय एवढीच की तिथे दिव्याला स्टँड लागत नाही आणि रिफ्लेक्टर फ्रेममध्ये आला तर तो कॅमेऱ्यापुरता अदृश्य करता येतो. इकियाने आपल्या फोटोग्राफरांना थ्रीडी शिकवले आणि थ्रीडी कलाकारांना फोटोग्राफी, ते याच जाणिवेतून. शेवटी रंग. पडद्यावर झळाळणारा नारिंगी छपाईच्या चार शाईंत मावत नाही, आणि ब्रँडचा रंग चुकला तर बाकीचे सगळे काम वाया जाते. चित्र थरांमध्ये काढून झाकण, लेबल, सावली वेगवेगळी सुधारायची पद्धत पडली, ती अशा शेवटच्या क्षणी येणाऱ्या दुरुस्त्यांमुळे.

पैशाचे गणित

कंपन्या या मार्गाला वळल्या त्या सौंदर्यापेक्षा हिशेबासाठी. समजा, एका सोफ्याचे तीन आकार, वीस कापडे आणि चार प्रकारचे पाय आहेत. पर्याय झाले २४०. इतके सोफे बनवून, उचलून, मांडून फोटो काढणे परवडत नाही. मॉडेल एकदा झाले की बाकीचे पर्याय रात्रीतून निघतात. इकियाने २००६मध्ये बर्टिल नावाच्या लाकडी खुर्चीपासून सुरुवात केली. २०१४पर्यंत त्यांच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या सुट्या उत्पादनचित्रांपैकी, म्हणजे पॅकशॉटपैकी, सुमारे ७५ टक्के चित्रे संगणकावरची झाली होती. स्वयंपाकघर हे त्यांचे खास दुखणे होते: जर्मनीचे, अमेरिकेचे, जपानचे स्वयंपाकघर वेगवेगळे, आणि प्रत्येकाच्या फोटोसाठी शेगड्या, फ्रिज, सिंक जगभर फिरवावे लागत. संगणकात ते जागच्या जागी बदलता येतात. २०१६ साली ज्याच्या २० कोटी प्रती छापल्या, तो कंपनीचा कॅटलॉग बंद होत असल्याचे डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झाले. छापील पान गेले तरी चित्रांची गरज घटली नाही, उलट वाढली. कारण वेबसाइट आणि मोबाइल ॲपला प्रत्येक पर्यायाचे, प्रत्येक कोनातले चित्र हवे असते.

मोटारींचे कारण वेगळे. जाहिरात तयार व्हायची असते तेव्हा गाडी अनेकदा कारखान्यातून बाहेरच पडलेली नसते आणि नमुना रस्त्यावर आणला तर गुपित फुटते. लंडनच्या द मिल या कंपनीने २०१६मध्ये ब्लॅकबर्ड नावाची सांगाड्यासारखी गाडी दाखवली. तिच्या चाकांमधले अंतर बदलता येते, वेग घेण्याची ढब दुसऱ्या गाडीसारखी करता येते आणि अंगावरचे कॅमेरे सभोवतालचा उजेड टिपतात. चित्रीकरण या सांगाड्याचे होते. त्यावर हवी ती गाडी नंतर चढवतात.

ज्या वस्तूचे एकच रूप आहे आणि जी टेबलावर मावते, तिच्यासाठी मात्र आजही चांगला फोटोग्राफर स्वस्त पडतो आणि लवकर काम देतो. कॅड फाइल नसेल तर मॉडेल पहिल्यापासून बांधण्याचा खर्च दहा फोटोंपेक्षा जास्त होऊ शकतो.

जिथे गाडी अडते

कापड, अन्न, केस आणि माणूस या चार गोष्टी अजून अवघड आहेत. सुती कापडाचे सुटलेले तंतू, शिवणीजवळची ओढ, धुतल्यावरची मरगळ हे सगळे उभे करायला मेहनत लागते. पुरणपोळीवरचे डाग आणि पापुद्रे मापांवरून येत नाहीत, कारण तिला कॅड फाइल नसते. खाद्यपदार्थांत म्हणून फोटोच चालतो. फार तर उसळणारे दूध किंवा चॉकलेटची लाट संगणकावर करतात.

दागिन्यांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. मुंबईत अंधेरीच्या सीप्झमध्ये निर्यातीसाठी घडणारे बरेच दागिने आधी कॅडमध्ये तयार होतात, मेणात छापले जातात आणि मग ओतले जातात. अंगठीचे चित्र त्याच फाइलीतून काढता येते. सोन्याचा भाग त्यात प्रामाणिक असतो. प्रत्येक नग त्याच साच्यातून येणार असतो. हिऱ्याचे तसे नाही. संगणकातला हिरा निर्दोष, सममित आणि अमाप झळाळणारा असतो. गिऱ्हाइकाच्या बोटात येणाऱ्या खड्याचे पैलू, त्याच्या आतले डाग, त्याचा रंग हे सगळे त्याचे एकट्याचे असते. म्हणून महागडे सुटे खडे ऑनलाइन विकणारे त्या त्या खड्याचा व्हिडिओ दाखवतात. हातमागावरच्या पैठणीलाही हेच लागू पडते. तिचे देखणे संगणकचित्र काढणे अशक्य नाही. पण ते चित्र कोणत्या पैठणीचे, याचे उत्तर देता येणार नाही. साच्यातून निघणाऱ्या वस्तूचे एक चित्र सगळ्या नगांबद्दल खरे बोलू शकते. एकेकटी घडणारी वस्तू त्याला अपवाद आहे.

फसवणूक जुनीच आहे

कॅमेरा खरे बोलतो आणि संगणक खोटे, असे मानायला इतिहासाचा आधार नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातींसाठी वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या जात. भाज्या वर राहत आणि सूप भरगच्च दिसे. १९९०मध्ये व्होल्वोच्या जाहिरातीत राक्षसी ट्रक सगळ्या गाड्यांचा चेंदामेंदा करतो, व्होल्वो मात्र शाबूत राहते. त्या गाडीला आतून आधार दिलेला होता. दोन्ही प्रकरणी चित्र अस्सल फोटो किंवा चित्रफीत होते.

या बाबतीत सर्वांत उपयोगी विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली कोलगेट-पामोलिव्ह प्रकरणात मांडला. रॅपिड शेव्ह या दाढीच्या क्रीमच्या टीव्ही जाहिरातीत सॅंडपेपरला क्रीम लावून तो लगेच साफ तासून दाखवला होता. खरा सॅंडपेपर तासण्याआधी सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागे. पडद्यावर होती ती वाळू चिकटवलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. दिव्यांच्या उष्णतेत वितळणाऱ्या आइस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा वापरायला न्यायालयाची हरकत नव्हती. हरकत होती ती बनावट वस्तू पुराव्यासारखी दाखवण्याला, म्हणजे ‘तुम्ही स्वतः पाहा, हे होते’ असे भासवण्याला. हा भेद संगणकचित्राला तंतोतंत बसतो. पार्श्वभूमीचा डोंगर खोटा असला तरी बिघडत नाही. डाग गेल्याचे दाखवणारा ‘आधी आणि नंतर’ खोटा असेल तर बिघडते.

भारतात जाहिरातदारांनी १९८५ साली मुंबईत स्थापन केलेली ॲस्की ही स्वनियमन संस्था आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९खाली नेमलेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासाही असायला हवा आणि खुलाशाच्या आडून महत्त्वाची माहिती लपवता येत नाही. कोपऱ्यातल्या ‘चित्र केवळ सादरीकरणासाठी’ या बारीक ओळीने सगळे माफ होते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाशी सर्वांत थेट गाठ पडते ती घर घेताना. रस्त्याकडेच्या होर्डिंगवरचे टॉवर, त्यांच्या पायथ्याचा तलाव, समोरची हिरवळ हे सगळे इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी रेंडर झालेले असते. २०१६च्या रेरा कायद्याचे कलम १२ असे की, जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर विकासकाने भरपाई द्यावी. घर घ्यायचेच नसेल तर व्याजासह पैसे परत करावेत. महारेराने १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही सक्तीचा केला. कोड स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती उघडते. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. चित्र आणि मंजूर आराखडा एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात, आणि चित्रातला तलाव आराखड्यात नसेल तर तसे विचारता येते.

मूळ नसलेली चित्रे

२०२३मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवरून जाकमूस या फॅशन ब्रँडच्या प्रचंड पर्स चाकांवर धावताना दिसल्या. त्याच वर्षी लंडनच्या ट्यूब गाडीला पापण्या फुटल्या आणि स्टेशनवरचा मेबेलिनचा मस्काराब्रश त्यांवरून फिरला. दोन्ही व्हिडिओ संगणकावरचे होते. अनेकांनी ते खरे मानले. या प्रकारात निदान गंमत उघड होती, आणि कोणी पर्सच्या आकाराबद्दल फसले नाही.

सांगितल्याबरोबर चित्र काढणाऱ्या एआय यंत्रणांनी मात्र वेगळाच पेच उभा केला आहे. रेंडर करणारे सॉफ्टवेअर वस्तूचा आकार आधी घेते आणि उजेडाचा हिशेब नंतर करते. एआय यंत्रणा असंख्य चित्रे पाहून ‘अशी बाटली साधारण कशी दिसते’ हे शिकलेली असते. तिच्याकडे या बाटलीची मापे नसतात. म्हणून झाकणाच्या रेघा कमी-जास्त होतात, लेबलावरची अक्षरे वितळतात, बुटाच्या शिवणीचे टाके बदलतात. हे दोष झपाट्याने कमी होत आहेत. ते कमी होणे हाच धोका आहे, कारण दोष दिसेनासा झाला तरी मापांचा अभाव तसाच राहतो. मोठ्या कंपन्यांनी मधला मार्ग निवडला आहे. डब्ल्यूपीपी या जाहिरात समूहाने एनव्हिडियाबरोबर २०२३मध्ये जाहीर केलेल्या यंत्रणेत उत्पादन कॅडवरून येते आणि एआयची मदत भोवतालच्या देखाव्याला होते. बटाटा आणि सॅंडपेपर यांच्यातला भेद इथे आपोआप पाळला जातो.

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष नियम करणाऱ्यांच्या, चित्रावर शिक्का मारण्याच्या सध्याच्या कलापेक्षा थोडा वेगळा आहे. ‘हे चित्र संगणकावर बनवले आहे’ अशा शिक्क्याने फारसे साधणार नाही. तो शिक्का प्रामाणिक सोफ्यावरही लागेल आणि अप्रामाणिक डागनाशकावरही, आणि सगळीकडे दिसू लागल्यावर त्याकडे कोणी पाहणार नाही. त्यापेक्षा जाहिरातदाराने प्रत्येक उत्पादनचित्रामागची कॅड फाइल, पदार्थांच्या नोंदी आणि केलेले बदल जपून ठेवावेत आणि तक्रार आल्यावर ते दाखवणे त्याच्यावर बंधनकारक असावे. चित्र कॅमेऱ्याने काढले की रेंडर केले की एआयने घडवले, याला मग दुय्यम महत्त्व राहील. ज्याच्या चित्रातली वस्तू दुकानातल्या वस्तूच्या मापाशी, रंगाशी आणि कामाशी जुळते, त्याला या अटीचा भार वाटणार नाही, कारण चांगले स्टुडिओ ही कागदपत्रे आजही कामाचा भाग म्हणून ठेवतातच.